दहा वाजताची रिंग

आप्पांनी मला दारूतून बाहेर काढलं, आणि नऊ वर्षांत माझा फोन एकदाही उचलला नाही. पहिली गोष्ट सांगितली की लोक भारावतात. दुसरी सांगितली की विचारतात, असा कसला हो तुमचा आप्पा? असाच होता. ईट गावाच्या शिवारात रस्त्याला लागून त्यांची खव्याची भट्टी होती. पहाटे पाचला कढईत दूध पडायचं आणि एकदा दूध पडलं की खवा उतरेपर्यंत दोन्ही हात लांब दांड्याच्या उलथण्यावर. फोन समोरच्या फळीवर पडलेला असायचा. वाजला तर वाजू दे.

"दुधावरनं हात काढला की ते खाली करपतंय," ते म्हणायचे. "तुला सोडलं तर तू बी करपशील, पर तुला जरा येळ लागतो. म्हणून फोन उचलणार न्हाय. नुसती रिंग दे."

त्यांची पद्धत अशी होती. सकाळी सहा ते सातच्या दरम्यान आम्ही प्रत्येकानं त्यांना रिंग द्यायची. दोन रिंगा वाजल्या की कट. त्याचा अर्थ, मी काल प्यायलो नाही आणि आजचा दिवस पिणार नाही. दहा वाजता खवा उतरला, हात धुतले की आप्पा त्याच क्रमानं आम्हाला उलट रिंग द्यायचे. दोन वाजल्या की कट. त्याचा अर्थ, पोचलं. ती उचलायची नाही. सुरुवातीला मी एकदा उत्साहानं उचलली आणि "बोला आप्पा" म्हणालो, तर पलीकडून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. "बोला काय, बोला? कट कर म्हनलं व्हतं का न्हाय? पोचलं म्हणून कळवलं, आता कामाला लाग की!" पुढं फोन फुकट झाले, दिवसभर बोललं तरी कुणाला काही फरक पडेना. आप्पांची पद्धत मात्र तीच राहिली. त्यांच्या हाताला धरून दारू सोडलेले आम्ही सात जण होतो, आणि सातही जणांना ती अंगवळणी पडली होती.

मी जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहे. भूमच्या अलीकडं एका खेड्यात नेमणूक, आप्पांच्या भट्टीपासून बारा-तेरा किलोमीटर. खेड्यात मला सगळे डॉक्टर म्हणतात, आप्पा मात्र शेवटपर्यंत कंपाउंडर म्हणाले. म्हैस सुखरूप व्याली की मालक खूश होऊन जवळ बोलवतो आणि खाटेखालून बाटली काढतो, तिथून माझं सुरू झालं. शेवटी शेवटी मी म्हशीआधी खाटेखाली बघायला लागलो. एकदा इंजेक्शन देताना सुई जनावराऐवजी मालकाच्या मांडीत गेली. सगळे हसले. बायको हसली नाही. ती लेकीला घेऊन तुळजापूरला माहेरी गेली आणि निरोप पाठवला की आता तुम्ही आणि तुमची बाटली सुखानं नांदा.

धाराशिवला एका मंगल कार्यालयामागच्या खोलीत दर रविवारी दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते. मेव्हण्यानं मला अक्षरशः दंडाला धरून तिथं नेलं. एकेकानं उठायचं, आपलं नाव सांगायचं, आपली कर्मकहाणी सांगायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. नव्या माणसानं एखादा जुना माणूस धरायचा, त्याला स्पॉन्सर म्हणतात. अडचण आली, तलफ आली की त्याला हाक मारायची. मी उठलो, दोन वाक्यं बोललो, रडलो, टाळ्या झाल्या. एकच माणूस हाताची घडी घालून बसला होता. पांढरा सदरा, कपाळावर विभूती, गळ्यातल्या दोऱ्याला लिंगायतांचं इष्टलिंग, आणि अंगाला दुधाचा नि धुराचा वास. चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला.

"रडनं झालं का?"

मी मान हलवली.

"उद्या सकाळी पाचला ईटला ये. हात कापतेत न्हवं? मला तसलाच मानूस पायजे."

मी म्हणालो, "म्हणजे तुम्ही माझे स्पॉन्सर?"

"स्पॉन्सर क्रिकेटवाल्याच्या टोपीवर असतो. म्या तुझ्यापरिस चार दिस आधी सुटलेला बेवडा हाय. बास."

चार दिवस म्हणजे तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भट्टीसमोर बसवलं आणि उलथणं हातात दिलं. माझे हात थडथड उडत होते. "थांबू नको, घासत ऱ्हा," एवढंच सांगून ते लाकडं सारायला गेले. धुरानं डोळे चुरचुरत होते, तोंडावर वाफ, आणि कढईतून नजर काढली की पाठीत शिवी. पाच तासांनी खवा उतरला तेव्हा मला जाणवलं की पाच तास मी दारूचा विचार केलेला नाही. हे मी मोठ्या कौतुकानं त्यांना सांगितलं, वर म्हणालो, आप्पा, ही कढई म्हणजे आयुष्यच हो. ते इतके चिडले की काय सांगू. "दूध हाय त्ये, दूध! उगं कीर्तन करू नको. उद्या लवकर ये, आज तुज्यामुळं खाली धरलंय."

सकाळच्या सातपर्यंत कुणाची रिंग आली नाही, तर आप्पा कढई आहे तशी जाळावर सोडून, मोपेडला लाथ मारून निघायचे. आक्का, म्हणजे त्यांची बायको, मागं धावत येऊन कढई सांभाळायची, पण एकटीला ती उतरवता यायची नाही. करपलेलं दूध मग कुत्र्यांना. एका सकाळी माझ्या फोनची चार्जिंगच संपली होती. साडेसातला दारात मोपेड थांबली. तोवर माझी बायको नांदायला परत आली होती. ती अंगणात सडा टाकत होती. बघते तर काजळीनं भरलेला एक म्हातारा तिला बाजूला सारून सरळ घरात शिरतोय. मी दाढी करत होतो. त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला, साबणासकट.

"चार्जिंग न्हवती, आप्पा."

"दारू पीत व्हतास तवा चार्जिंग लागत व्हती का?" म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले.

दुसऱ्या वेळी मात्र कारण चार्जिंगचं नव्हतं. साहेबानं सगळ्यांसमोर पाणउतारा केला होता आणि मी क्वार्टर आणून खिशात ठेवली होती. सकाळी रिंग दिली नाही. मुद्दाम दिली नाही. आप्पा दवाखान्यात आले, जनावरं बांधायच्या खोड्यापाशी उकिडवे बसले. मला वाटलं, खिसा तपासतील, कानाखाली काढतील. काही नाही. "खिशात हाय ती ऱ्हाऊ दे," म्हणाले. "म्या हितं बसतो. तू तुजं काम कर." ते दुपारी तीनपर्यंत बसून राहिले. जनावरं आली, गेली. एकदा त्यांनी एका शेळीचे पाय धरले. तीन वाजता मीच बाटली काढून मोरीत ओतली, तेव्हा ते उठले, पाठ सरळ केली आणि विचारलं, "ह्या गावात भजी कुठं बरी मिळतेत?"

असा माणूस असल्यावर त्याच्यावर जीव जडणारच. आम्हा सातांचा जडला होता. पण माणूस हट्टी होता, गर्विष्ठ होता, हे लिहायला मला आज काही वाटत नाही, कारण त्याच गर्वानं घात केला. त्यांनी ज्यांच्या हाताला धरून दारू सोडली ते निवृत्त एसटी ड्रायव्हर केव्हाच वारले होते. त्यानंतर आप्पांनी दुसरा कुणी केला नाही. धाराशिवच्या मीटिंगला जाणंही कमी झालं. "तितं टाळ्या वाजवतेत. मानूस रडतंय आन ह्ये टाळ्या वाजवतेत. तमाशा हाय का?" एकदा भट्टीसमोर बसून मी विचारलं, "आप्पा, आम्ही तुम्हाला रिंग देतो. तुम्ही कुणाला देता?"

त्यांनी गळ्यातलं लिंग बोटानं वर उचललं. "ह्यो हाय की. महादेवाला."

"तो उलट रिंग देतो का?"

"त्याचा फोन बिझी असतो," म्हणाले आणि हसले. मीही हसलो. खूप हसलो. आज त्या हसण्याची मला चीड येते.

आक्का त्या वेळी बाजूलाच दुधाच्या घागरी विसळत होती. ती हसली नाही. मला चहा देताना म्हणाली, "ह्या मानसानं दारू सोडली, पर बोलायला अजून लागला न्हाय. समद्याला राखतोय. ह्येला कोन राखायचं?" मी म्हणालो, तुम्ही आहात की आक्का. बोलून गेलो आणि विसरलो. बोललो ते शब्दन् शब्द खरं होतं, हे कळायला मला तिच्या मरणापर्यंत थांबावं लागलं. रोज पहाटे भट्टी पेटवायच्या आधी आप्पा बाहेरून ओरडायचे, "उठलीस का?" आणि आतून आक्का म्हणायची, "उठले, उठले." म्हातारा-म्हातारीची रोजची कटकट, असं मी समजायचो. बायकोला झोपू देत नाहीत म्हणून मी आप्पांना एकदा टोमणाही मारला होता.

आक्का श्रावणात गेली. दुखणं असं नाही, दोन दिवस ताप आणि तिसऱ्या दिवशी खेळ खलास. आप्पांचा मुलगा पुण्याहून आला, दिवस होईपर्यंत राहिला. बापाच्या पिण्याच्या दिवसांत तो लहान होता, त्यानं ते मनातून काढलेलं नव्हतं. तो दोन शब्द बोलून परत गेला. आम्ही सातही जण मातीला गेलो होतो. आप्पांच्या डोळ्यांत पाणी नाही. पंधराव्या दिवशी त्यांनी भट्टी पेटवली, दहा वाजता त्यांच्या उलट रिंगा आल्या. आम्ही एकमेकांना सांगितलं, आप्पा खंबीर आहेत. काय शब्द आहे! माणसाला एकटं सोडायचं असलं की आपण त्याला खंबीर म्हणतो. सातांपैकी एकानंही ईटला जाऊन त्यांच्याजवळ एक अख्खा दिवस काढला नाही. मी तर नाहीच नाही. मला रजा नव्हती म्हणे!

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी ती सकाळ आली. मी एका गोठ्यात होतो. गाईचं वासरू आडवं आलं होतं आणि माझा हात कोपरापर्यंत आत. दहा वाजता फोन वाजला. तो गोठ्याच्या मालकाच्या हातात दिला होता. तो म्हणाला, "आप्पांचा हाय."

मी म्हणालो, "वाजू द्या, आपोआप बंद होईल."

दोन रिंगा झाल्या. तीन झाल्या. चार झाल्या. मला वाटलं, म्हाताऱ्याचं बोट चुकलं असेल. वासराचा पाय नुकताच हाताला लागला होता. मी मालकाला म्हणालो, "लाल दाबा. कट करा."

त्यानं लाल दाबलं.

संध्याकाळी कळलं. आप्पांची कढई जाळावर होती, दूध जळून धूर निघत होता, म्हणून रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी आत डोकावलं. आप्पा नव्हते. दुपारी सापडले ते बसस्टँडमागच्या दारूच्या दुकानापाशी. बावीस वर्षांनी. पुढच्या रविवारी धाराशिवला आम्ही सातही जण भेटलो आणि एकेकानं मान खाली घालून तेच सांगितलं. एक जण एसटीत होता, एक कोर्टात तारखेला उभा होता, एकाचं पोरीच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं. दहा ते सव्वादहाच्या दरम्यान आप्पांनी ओळीनं सातही जणांना फोन केला होता. सातही जणांनी नियम पाळला होता.

मी मात्र कळलं त्याच संध्याकाळी ईटला गेलो होतो. आप्पा विझलेल्या भट्टीसमोर बसले होते. पलीकडं काळीठिक्कर कढई. डोळे लाल, पण जीभ जड नव्हती.

"आलास? बस. दूध करपलं आज."

"आप्पा, तुमचा फोन..."

"तुमची चूक न्हाय. म्याच तसं शिकवलं."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी आज सुखानं झोपलो असतो. त्या माणसाकडं शिव्यांचं भांडार होतं, आणि नेमकी माझ्या हक्काची शिवी त्यांनी दिली नाही. मी विचारलं, "काय सांगायचं होतं, आप्पा?"

"काय न्हाय." त्यांनी विझलेली लाकडं जरा आत सारली. "बगावं म्हनलं, कुनी उठलंय का."

सकाळी दहा वाजता कोण झोपलेलं असणार, असं माझ्या मनात आलं. नशेत बोलताहेत, असंही आलं. परत येताना मोटरसायकलवर आक्काचं "उठले, उठले" आठवलं आणि मी रस्त्याकडेला गाडी लावून हमसून हमसून रडलो. तिथं टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

पुढचे सहा-सात महिने आम्ही काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. दोनदा दवाखान्यात ठेवलं, दोनदा ते चालत परत आले. पाळीपाळीनं सोबतीला राहिलो. आधी राहायला पाहिजे होतं तेव्हा राहिलो नाही, आता रांगा लावल्या. आप्पा भांडत नव्हते. आम्ही दिलेलं जेवायचे, आमच्या बायकापोरांची विचारपूस करायचे आणि आमचा डोळा चुकवून प्यायचे. मी एकदा चिडून म्हणालो, "आप्पा, आम्हाला वाचवलंत, मग स्वतःला का नाही?" ते म्हणाले, "दुसऱ्याची कढई लांबनं दिसती, कंपाउंडर." आणि लगेच आपल्याच बोलण्यावर वैतागले. "बग, म्या बी कीर्तन कराया लागलो."

पण एक गोष्ट मोडली नाही. मी रोज सकाळी सहाला रिंग देत होतो. आणि दहा वाजता उलट रिंग येत होती. भट्टी बंद, दूध नाही, खवा नाही, माणूस पहाटेपासून पिऊन पडलेला, तरी दहाला दोन रिंगा. मी आता पहिलीच रिंग झडप घालून उचलायचो. "आप्पा! आप्पा, बोला, मी आहे!" पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मग कट. रोज. माझा फोन नऊ वर्षं त्यांनी उचलला नाही, आणि त्यांचा मी उचलायला लागलो तेव्हा त्यांना बोलायचं नव्हतं.

चैत्रात एका सकाळी दहाला फोन आला नाही. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. मी दवाखाना उघडा टाकून निघालो. पोचलो तेव्हा शेजारच्यांनी त्यांना घराबाहेर आणून भिंतीला टेकवून बसवलं होतं. फोन आत उशाजवळ होता, माझी सहाची रिंग त्यावर दिसत होती.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांना मांडी घालून बसलेल्या अवस्थेत माती दिली, आक्काशेजारी, बांधाला. अंगावर विभूती, हातात लिंग. भट्टीसमोर बसायचे तसेच बसले होते. खड्ड्याभोवती दोघं-तिघं कुजबुजले, "शेवटी दारूनंच नेलं बगा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी एकाची कॉलर धरली, लोकांनी सोडवलं. मग त्यांचा मुलगा माझ्याजवळ आला. पुण्याचा स्वच्छ सदरा, कोरडे डोळे. त्यानं आम्हा सातांवरून नजर फिरवली आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही सगळे त्यांनीच सुधारलेले ना, काका? मग?"

मी खाली वाकलो आणि मूठभर माती खड्ड्यात लोटली.

नंतर धाराशिवच्या मीटिंगमध्ये मी उठलो आणि सगळं सांगितलं. लाल दाबा म्हणालो तेही सांगितलं. एका जुन्या माणसानं समजूत घातली की आप्पांनी मीटिंगला येणं सोडलं होतं, स्पॉन्सर ठेवला नव्हता, म्हणून असं झालं. बरोबर आहे त्याचं. बरोबर असलेल्या गोष्टी इतक्या घाणेरड्या वाटू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. माझं बोलून झालं आणि मी खाली बसलो, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता माझ्याकडंही दारू सोडायला आलेले दोघं-तिघं आहेत. रिंग द्यायची पद्धत मी बंद केली. फोन करायचा आणि बोलायचं. कर्जवाल्या कंपन्यांचे, चुकून लागलेले, सगळे फोन मी उचलतो. हात गाईच्या पोटात असला तर मालकाला तो माझ्या कानाला धरायला लावतो. बायको म्हणते, डोक्यावर परिणाम झालाय. झाला असेल.

गेल्या महिन्यात नवा माणूस आला. तुळजापूरच्या एका लॉजचा मॅनेजर, पन्नाशीचा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठाच. चहा पिताना त्यानं मला विचारलं, "आम्ही तुम्हाला फोन करायचा. तुम्हाला तलफ आली तर तुम्ही कुणाला करता?"

मी म्हणालो, "तुम्हाला करीन. उचलाल?"

त्याला ती थट्टा वाटली. तो हसला, अगदी मनापासून हसला, मी भट्टीसमोर हसलो होतो तसा. मी त्याच्या हातातला कप काढून खाली ठेवला आणि म्हणालो, हसू नका, उचलाल का ते सांगा.